पाणसळ खोटं बोलत नाही

४ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बूड टेकव. मी पावाची गाडी विकत घेतली.

हो, तीच. जिच्यातून मी बेकरीचा पाव उभ्या शहराला पोचवला, जिला तुझे भावोजी हयात असताना ‘माझी सवत’ म्हणायचे, कारण माझा जास्त वेळ तिच्याबरोबर जायचा. बेकरीने नव्या गाड्या आणल्या आणि एकाच आठवड्यात आम्हा दोघींना निरोप दिला. मला भिंतीवरचं घड्याळ दिलं, तिच्या दारावर खडूने फुली मारली. भंगारवाला येऊन तिचा पत्रा ठोकून बघत होता. मला ते बघवेना. मी मध्ये उभी राहिले आणि म्हणाले, तू देतोस तेवढेच मी देते, पण हात लावायचा नाही. आपल्याला बोलता येतं, धाकट्या, हे आपल्या खानदानाचं एकमेव भांडवल. ते मी तिथे खर्च केलं.

आता पुढचं ऐक. मागचा बंद डबा, ज्यात पावाचे क्रेट राहायचे, त्याचं मी घर करणार आहे. बिछाना, मेज, शेगडी, पुस्तकांचा कप्पा, एक खिडकी. आणि निघणार. इतकी वर्षं रोज पहाटे मोठ्या फाट्यावर डावीकडे वळले, कारण पाव डावीकडे जायचा. उजवीकडचा रस्ता कुठे जातो ते मला आजही माहीत नाही. ज्या बाईने जन्मभर स्टिअरिंग हातात धरलं तिला एक रस्ता स्वतःच्या मर्जीने निवडता येऊ नये? हा न्याय कुठला?

आमच्या चिरंजीवांचं म्हणणं तुला ठाऊकच आहे. लिफ्टच्या दोऱ्या तपासून तपासून त्याला सगळं जग तुटायच्या बेतात दिसतं. त्याने घराची मागची खोली माझ्यासाठी रंगवून ठेवलीय. खोली चांगली आहे, सूनबाई प्रेमळ आहे, माझी तक्रार नाही. पण ठेवलेल्या जागी राहते ती वस्तू. माणूस ठरवलेल्या जागी राहतो. खूप भांडलो आणि शेवटी करार झाला. मेच्या पहिल्या रविवारी गाडी त्याच्या दारात न्यायची, त्याला आत बसवून चहा पाजायचा. गाडी राहण्याजोगी वाटली तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही वाटली तर मी ती विकायची आणि मागच्या खोलीत जायचं. मी शब्द दिलाय.

तर तू ये. तुझ्यासारखा सुतार सख्खा भाऊ असताना मी परका का शोधू? रंधा, करवत, पटाशी, सगळी फौज घेऊन ये.

तुझी
ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

पत्र पोचलं. शेजारच्यांनाही ऐकू गेलं असावं. बेकरीच्या युनियनमधले लोक तुला कर्णा म्हणायचे ते उगाच नाही. पत्रात टाळ्या पडत नाहीत, तरी तू टाळ्यांसाठी थांबून थांबून लिहितेस.

(वन्सं, नमस्कार. हे सांगतात आणि मी लिहितेय. त्यांच्या हातात काम आहे म्हणून. शब्द त्यांचे, अक्षर माझं, चुका वाटून घेऊ.)

येणं जमणार नाही. ऑर्डरी तुंबल्यात. पण मी एकेक काम सांगत जाईन, तू करत जा. अरुंद गल्लीतून ट्रक उलटा काढणाऱ्या बाईला करवत सरळ चालवणं जड नाही.

आधी तळ. आहे त्या पत्र्यावर लाकडी पट्ट्या आडव्या टाक, त्यावर प्लायवूड. तळ सरळ तर घर सरळ. आणि एक नियम देतो तो पाटीवर लिहून टांग. पाणसळ लावल्याशिवाय एक स्क्रू पिळायचा नाही. बाजारात मिळते, हातभर लांब, मध्ये काचेची नळी, नळीत बुडबुडा. तो दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबला तर काम सरळ. तुझ्या डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, हातावर तर मुळीच नाही. माणूस फसवतो, डोळा फसवतो, पाणसळ खोटं बोलत नाही. मी लोकांच्या घरांत इतकी कपाटं बसवली, एकाचंही दार आपोआप उघडलं नाही की आपोआप मिटलं नाही.

(हे शेवटचं वाक्य मला दोनदा लिहावं लागलं. पहिल्यांदा ओळ वर चढली म्हणून कागद बदलायला लावला.)

तुझा
धाकटा


६ मार्च

धाकट्या,

मोठा शेठ झालास. पत्राला लेखनिक! उद्या वाचायलाही माणूस ठेवशील. वहिनीला सांग, तिचं अक्षर तुझ्यापेक्षा सुबक आहे, म्हणून माफ.

तळ झाला. मागच्या अंगणात, गाडीचं तोंड फाटकाकडे ठेवून काम चालवलंय. पहिल्या पट्टीला पाणसळ लावली तर बुडबुडा पळून गेला एका टोकाला. मी पट्टीखाली लाकडाचे तुकडे सारत गेले. मागच्या दाराकडे बरेच सारावे लागले. पण शेवटी बुडबुडा असा येऊन बसला मध्यावर, की मी तिथेच मांडी घालून बसले आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्यानंतर बिछान्याची चौकट, त्याखाली खण. काल पुस्तकांचा कप्पा. पुढे आडवी दांडी लावलीय, म्हणजे वळणावर पुस्तकं अंगावर येणार नाहीत. सभेत माझ्यावर एकदा टोमॅटो आला होता, ग्रंथ अजून आलेला नाही.

बेकरीतले जुने हमाल संध्याकाळी बघायला येतात. एकाने विचारलं, आता घरासकट मोर्चा काढणार का? मी म्हटलं, का नाही? मोर्चात माणसं थकतात ती परत घरी जायचंय म्हणून. पण खरं सांगू, ते हसतात ते दारापर्यंतच. आत आले की फळ्यांवरून हात फिरवतात, एकजण तर चपला काढून आत आला. ज्या गाडीत त्यांनी क्रेट आदळले त्या गाडीत. पावाचा वास अजून गेलेला नाही, त्यात ओल्या लाकडाचा मिसळलाय. मी वॉर्निशने तो मारणार नाही, सांगून ठेवते.

एक शंका. कप्प्याची वरची फळी आणि गाडीचं छत यांच्यामधली फट पुढे चार बोटं आहे आणि मागे जाईपर्यंत जेमतेम एक बोट उरते. पाणसळ तर मध्यावर आहे. मग हे काय?

आता थांबते. अंधार व्हायच्या आत चाकांमागचे दगड लाथेने आत सारायचे असतात, ते रोजचं काम राहिलंय.

ताई


१५ मार्च

ताई,

त्यात शंका कसली? छत खचलंय. जुनी गाडी, पातळ पत्रा, मागच्या दाराची आदळआपट. तू छताकडे बघून फळी लावली असतीस तर तुझं घर पत्र्याइतकंच वाकडं झालं असतं. जुन्या घरांत मी हे रोज बघतो. भिंत सांगते एक, पाणसळ सांगते दुसरं. आपण पाणसळीचं ऐकायचं.

आता मेज. बिजागरीवर भिंतीला मिटेल असं कर. फळीची कड गोल घास, चालत्या गाडीत कोपर लागतं. झालं की त्याच्या खालच्या बाजूला, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, माझं नाव कोर. मी माझ्या प्रत्येक कामाखाली कोरतो. हात तुझे आहेत म्हणून तुझंही कोर, पण माझं आधी.

(वन्सं, आज दिवसभर ते खुर्चीत बसून तुमची कपाटं बोटाने हवेत काढत होते. जेवायला तीनदा हाक मारली. मला विचारत होते, ताईला कड गोल करायला कोणत्या नंबरचा पॉलिश पेपर सांगितला होता? मी म्हटलं, मला काय माहीत? तर म्हणाले, लिहितेस ना तूच.)

तुझा
धाकटा


१९ एप्रिल

धाकट्या,

आपलं नाक कापलं गेलं.

आज हवा भरायला गाडी प्रथमच बाहेर काढली. पेट्रोल पंपाची जमीन कशी असते तुला माहीत आहे, सपाट, गुळगुळीत सिमेंट. गाडी थांबवली, कौतुकाने मागचं दार उघडलं. पातेलं, कप, डबे, माझा चष्मा, सगळी मंडळी पुढच्या भिंतीशी जाऊन गोळा झालेली. मी पुन्हा मांडलं. पुन्हा घरंगळलं. पाणसळ काढली, मेजावर ठेवली. बुडबुडा मागच्या टोकाला जाऊन चिकटला. बिछान्यावर ठेवली, तेच. तळावर ठेवली, तेच.

मग डोक्यात प्रकाश पडला. अंगण उतरतं आहे. फाटकाकडून मागच्या गटाराकडे, पाणी वाहून जावं म्हणून. गाडीचं तोंड वर, बूड खाली. मी त्या उतारावर घर सरळ केलं. म्हणजे सपाटीवर ते वाकडं. छत खचलेलं नव्हतं, धाकट्या. त्या अख्ख्या डब्यात छत एकटं खरं बोलत होतं आणि आपण दोघांनी त्यालाच खोटं ठरवलं.

जी बाई हँडब्रेक ओढल्याशिवाय पाय खाली टाकत नाही, जी रोज संध्याकाळी चाकांमागे दगड सारते, तिला उतार दिसू नये? आणि तू? एकदा तरी विचारलंस, की ताई, गाडी उभी कुठे आहे? चूक निम्मी निम्मी. मोठी निम्मी मी घेते, थोरली आहे म्हणून.

पण आता भाषण पुरे. मेचा पहिला रविवार तोंडावर आलाय. मला हे सगळं एकटीने उखडता येणार नाही. आणि तो लिफ्टवाला वाकडी फळी दारातूनच ओळखेल. मला त्या रंगवलेल्या खोलीत जायचं नाही रे. तुझ्या ऑर्डरी चुलीत घाल आणि ये.

ताई


२५ एप्रिल

वन्सं,

हे पत्र माझं आहे. ते झोपलेत आणि मी त्यांना न विचारता लिहितेय.

ऑर्डरी नाहीत. दुकान गेल्या वर्षीपासून बंद आहे. त्यांना झटका येऊन गेला. चालता येतं, बोलता येतं, ते तर तुम्ही ऐकताच आहात. पण उजव्या हाताला पकड राहिली नाही. चमचासुद्धा निसटतो. तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती मला. म्हणाले, कर्णा धावत येईल आणि मला लहान मुलासारखं भरवत बसेल. तिच्या डोळ्यांत मी अजून सुतार आहे, तेवढं तरी राहू दे.

तुमचं पहिलं पत्र यायच्या आधी ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. ते पत्र आलं आणि त्यांनी दुकानाची किल्ली मागितली. आत जाऊन नुसतं लाकूड हुंगून आले. तेव्हापासून घरात फक्त तुमची गाडी. मला वाटलं होतं, माणूस परत आला.

परवाचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं नाही, स्वतःच वाचलं. मग एवढंच म्हणाले, “तिला सांग, मेजाखालचं माझं नाव खरवडून टाक.” खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरवली आहे.

त्यांचं म्हणणं, अशी गाडी घेऊन भाच्याच्या दारात जाऊ नका. माझं म्हणणं मी सांगत नाही. तुम्ही मोठ्या आहात, योग्य ते कराल.

तुमची
वहिनी


५ मे

धाकट्या,

खुर्ची इकडे फिरव. मला पाठीशी बोलायची सवय नाही.

वहिनीवर डाफरायचं नाही, हे पहिलं. तिने शपथ मोडली नसती तर मी आणखी वर्षभर तुला शेठ म्हणून टोमणे मारत राहिले असते आणि माझी जीभ मलाच बोचली असती. हाताचं बोलू नंतर. आधी रविवारचं.

मी काहीही उखडलं नाही. एक स्क्रूसुद्धा सैल केला नाही. जे काम तू डोक्यात केलंस आणि मी हातांनी, ते लपवून ठेवायला आपण चोरी केलेली नाही.

चिरंजीवाची गल्ली चढाची आहे. तिथल्या दुकानात मी किती वर्षं पाव टाकला! क्रेट कुठे किती सरकतात यावरून मला या शहराचा प्रत्येक उतार पाठ आहे. त्याच्या दाराशी चढ जरा तिखट आहे, पण चार घरं खाली, दिव्याच्या खांबापाशी, तो अगदी आपल्या अंगणाइतका होतो. तिथे गाडी लावली, तोंड चढाकडे. आधी मुद्दा मांडायचा, आक्षेप नंतर घ्यायचा, हा सभेचा नियम. मला त्याला आधी काम दाखवायचं होतं, मग चूक.

तो आला, मागोमाग सूनबाई. दाराच्या बिजागऱ्या हलवल्या. शेगडीची नळी हुंगली. बिछान्यावर सगळं वजन टाकून बसला. मग खिशातून स्वतःची पाणसळ काढली, छोटी, पितळी, आणि मेजावर ठेवली. बुडबुडा मध्यावर. कप्प्यावर ठेवली. मध्यावर. त्याच्या तोंडाकडे बघत होते मी. लहानपणी तू त्याला लाकडी गाडी करून दिली होतीस तेव्हा असंच झालं होतं ते. म्हणाला, मामाचं काम आहे. मी चहा ओतला. कपात लाटसुद्धा उठली नाही.

तिथेच थांबले असते तर जिंकले होते. सूनबाई तर अभिनंदनही करून मोकळी झाली. पण अर्धं सत्य सांगून मिळवलेली मागणी पचत नाही, हे मी बेकरीच्या गेटवर उभी राहून शंभरदा ओरडले आहे. मी दोघांना म्हटलं, कप हातात घट्ट धरा, आणि गाडी खाली सपाट चौकात नेली. मेजावर कप ठेवला. तो निघाला आपला थेट चिरंजीवाच्या मांडीकडे. विजार भिजली.

मी सगळं सांगितलं. अंगण, दगड, छताची फट, तुझं उत्तर, माझा आंधळेपणा. तो पाणसळ घेऊन गुडघ्यांवर बसला. तळ, बिछाना, खण, कप्पा, मेज, एकेक तपासत गेला. मेजाखाली वाकून बघितलं, दोन नावं वाचली. खूप वेळ खालीच होता. मला वाटलं, आता हा खोलीची किल्ली काढणार. मी उत्तराचं भाषण जुळवायला घेतलं, तुला सांगते. भल्याभल्या मालकांसमोर ते आधी जुळवावं लागलं नव्हतं.

वर आला आणि म्हणाला, “आई, इथे वाकडं काहीच नाही. सगळीकडे बुडबुडा एकाच जागी थांबतो, केसाचा फरक नाही. घर सरळ आहे. गाडी चुकीची उभी राहते.”

चौकात रस्त्याच्या कामाच्या फळ्या पडल्या होत्या. त्याने त्या दोन्ही पुढच्या चाकांसमोर रचल्या आणि मला म्हणाला, चढव. मी चढवली. आत येऊन बघतो तर बुडबुडा मध्यावर. दुसरा चहा मी पुन्हा काठोकाठ भरला, मुद्दाम. तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप खाली ठेवता ठेवता विचारलं, मागच्या खोलीत मी माझी अवजारं ठेवली तर चालतील का?

धाकट्या, मी जन्मभर भाषणं केली. त्या एका वाक्यावर मात्र पातेल्यात उरलेला चहाही त्याच्याच कपात ओतला.

आता हात. तुला वाटतं हात गेला म्हणजे सुतार गेला. मग हे घर कोणी बांधलं? मला रंधा आणि कानस यातला फरक कळत नव्हता. इतक्या दूर खुर्चीत बसून तू माझ्या या जाडजूड ड्रायव्हरी हातांकडून असं काम करून घेतलंस, की पोटापाण्यासाठी तपासण्या करणारा माणूस त्यात केसाचा फरक काढू शकला नाही. चुकलो तेसुद्धा एकजुटीने, एका कोनात, तळापासून कप्प्यापर्यंत. अशी शिस्त मला युनियनमध्येही कधी जमवता आली नाही. तुझं नाव मी खरवडलेलं नाही. त्यावर वॉर्निशचा हात दिलाय.

आणि तुझं काम संपलेलंही नाही. मला दोन पाचरी हव्यात. सपाटीवर पुढची चाकं चढवायला, ट्रकचा भार पेलतील अशा, भक्कम लाकडाच्या. चिरंजीव म्हणाला, लोखंडी आणून देतो. मी नको म्हटलं. या घराच्या पायाखाली परक्याचं काम लागणार नाही. डावा हात आहे ना? वहिनी लाकूड धरेल, तू काप. वेळ लागला तर लागू दे. मी घाईत नाही, मी आता निवृत्त आहे.

पुढच्या महिन्यात निघते. फाट्यावर उजवीकडे वळणार. नकाशात बघितलं, तो रस्ता तुझ्या गावाला येतच नाही, भलतीकडे जातो. तरी त्याच रस्त्याने येणार आहे. तुझ्या दारापुढची जमीन सपाट आहे की उतरती, ते मात्र या वेळी आधी कळव.

ताई


२३ मे

ताई

हे मी लिहितोय. डाव्या हाताने. म्हणून थोडंच.

एक पाचर झाली. तुझी वहिनी म्हणते लाकूड करवतीने नाही, माझ्या शिव्यांनी कापलं. दुसरी पहिलीवर ठेवून घासतोय. दोन्ही सारख्या झाल्या नाहीत तर तू कुशीवर झोपशील.

पाणसळ लावली. आधी दुकानाची फरशी तपासली.

नाव कोरलं. सकाळ गेली त्यात. माझं आधी, मग तुझं, मग तुझ्या वहिनीचं. तिने धरलं म्हणून.

दारापुढे जमीन सपाट आहे. ये.

ओळी वर चढल्यात. ती कागद बदल म्हणते. मी नाही बदलत. तू कागद जरा तिरका धर. सरळ दिसतील.

धाकटा